आत्याबाईंच्या माहेरचं मशीन

शिवू दुपारी झोपली की मला पन्नास मिनिटं मिळतात. त्यातली दहा ती खरंच झोपली का हे दारातून बघण्यात जातात, आणि पाच ती इतकी शांत कशी झोपली या काळजीत जातात. उरलेल्या पस्तीस मिनिटांत शहाण्या बाया डाळ निवडतात किंवा पाठ टेकतात. मी छापखाना काढला.

छापखाना म्हणजे एक लेझर प्रिंटर, कागदाची दोन पाकिटं आणि मी. मी फिजिक्सची एम. एस्सी. आहे. हे वाक्य पुढं आणखी एक-दोनदा येईल, कारण या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त फजिती त्याच वाक्याची झाली. लेक व्हायच्या आधी तीन वर्षं मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. आता ती चौदा महिन्यांची झाली आणि हिमायतनगरच्या एका कॉलेजातून बोलावणं आलं, जूनपासून या म्हणून. नांदेडहून बसनं जायला दोन तास, यायला दोन तास, म्हणजे सकाळी सहाला घर सोडायचं. शिवू साडेसातला उठते. उठली की डोळे मिटलेलेच ठेवून आधी हात फिरवते आणि माझा कान शोधते. कान सापडला की मग डोळे उघडते. सहाच्या बसमध्ये माझे दोन्ही कान माझ्याबरोबर जाणार होते.

तेवढ्यात लातूरच्या मडिवाळप्पा सरांचा फोन आला. सरांचा तिथं फिजिक्सचा मोठा क्लास आहे आणि कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं माझं नाव सुचवलं होतं. त्यांना दर आठवड्याला प्रश्नसंच हवे होते. प्रश्न मी काढायचे, आकृत्या मी काढायच्या, छापून मी द्यायचे. सगळं घरी बसून, कानांसकट. सर कमी बोलतात. म्हणाले, "पुढच्या रविवारी मी नांदेडला लग्नाला येऊन राहिलोय. तुमच्याकडं डोकावतो. चाळीस संच तयार ठेवा. छपाई पसंत पडली तर वर्षभराचं काम तुमचं. एकच सांगतो बाई, मला पांढरा कागद पांढरा लागतो." नंतर मैत्रिणीनं सांगितलं की करड्या छपाईपायी सरांनी आपल्या ऑफिसातल्या मशीनवरचे तीन छापणारे दोन वर्षांत बदलले आहेत.

मशीन आलं अर्धापूरहून. माझ्या सासूबाईंना, तुळजाबाईंना, आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांचे धाकटे भाऊ हणमंतराव मामा केळीचा व्यापार करतात. त्यांच्या पत्र्याच्या ऑफिसात चार वर्षं ट्रकांच्या पावत्या छापणारं हे मशीन त्यांनी भाचेसुनेसाठी, म्हणजे माझ्यासाठी, केळीच्या खोक्यात वाळलेली पानं घालून टेम्पोनं पाठवलं. खोकं दारात उतरलं तेव्हा आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी ते मशीन आतल्या बोळातल्या धान्याच्या खोलीत ठेवणार होते, कारण तिथं शिवूचा हात पोचत नाही. आत्याबाई म्हणाल्या, "माझ्या माहेरचं हाय ते. असं पोत्यापाठीमागं टाकायला वाटेवर पडलं होतं का?"

मशीन तपासायला वजिराबादेतले चांदपाशाभाई आले. त्यांचं टोनर भरायचं दुकान आहे आणि माणूस हातानं सोन्यासारखा आहे. त्यांनी नवीन पावडर भरली, दोन पानं काढून दाखवली, लख्ख. जाताना म्हणाले, "ताई, एक खयाल ठेवा. मशीन थंडगार जागी ठेवा. गरमीनं बिघडते."

आता मे महिन्यातल्या नांदेडात थंडगार जागा म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. ती घरात एकच असते, कूलरपुढची. आमच्याकडे त्या जागेचा एक अलिखित कायदा आहे. पाहुणा आला की तिथं पाहुणा बसतो, पाहुणा नसला की आत्याबाई, आत्याबाई देवळात गेल्या की शिवू, आणि शिवू झोपली की सुदर्शन. सुदर्शन माझा नवरा. सुनेचा नंबर त्या यादीत असणार, पण तिथपर्यंत यादी कुणी वाचलेली नाही. त्या जागी आत्याबाईंनी स्वतः स्टूल मांडलं, त्यावर धुतलेलं आसन घातलं आणि मशीन बसवलं. स्वतः बाजूला सरकून पदरानं वारा घेत बसल्या. चाळीस वर्षांनी माहेरचं कुणीतरी मुक्कामाला आलं होतं, त्यामुळं मीही वायर तिथंच जोडली.

दुसऱ्या दिवशी शिवू झोपल्यावर मी पहिला संच काढला. धडा होता स्थिर विद्युत. पान बाहेर आलं ते कुणीतरी चुलीच्या राखेवर लोळवून आणल्यासारखं. अक्षरं फिकट आणि कोरी जागा करडी. शिवाय काळे ठिपके. ठिपके कुठंही पडले असते तर चाललं असतं, पण ते आकड्यांच्या मधोमध पडले होते. पंचवीस सेंटिमीटरचं अंतर दोन पूर्णांक पाच झालं होतं, आणि त्या हिशोबानं चौथ्या प्रश्नातले दोन भार एकमेकांच्या जवळजवळ मांडीवर बसले होते.

चांदपाशाभाई मशीन स्कूटरवर घालून दुकानात घेऊन गेले. तासाभरानं त्यांचा फोन, "ताई, काही न्हाई झालं. मख्खन निघून राहिली." खरंच, त्यांनी पाठवलेल्या फोटोतलं पान दुधासारखं. मशीन घरी आलं, स्टुलावर बसलं, आणि तासाभरात पुन्हा राख. असं तीनदा झालं. त्यांनी ड्रम बदलला, आतली पट्टी बदलली, पावडर दुसऱ्या डब्यातली घातली. त्यांच्या दुकानात सगळं बरं, आमच्या घरी सगळं करडं. तिसऱ्या खेपेला बिचारे दारातच उभे राहिले आणि मशीनकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "आपल्या दुकानात तर चांगलं राहते हो. इथं आलं की मुरझून जाते."

हे ऐकलं शिवगंगाकाकूंनी. शिवगंगाकाकू वरच्या मजल्यावर राहतात आणि आमच्या जिन्यात त्यांना न ऐकू येणारं काही बोलता येत नाही. त्यांनी संध्याकाळपर्यंत निदान केलं की सासरी तब्येत बिघडणं आणि बाहेर गेलं की सुधारणं हे लक्षण त्यांनी पाहिलेलं आहे, आणि ते मशीनमध्ये नसतं, घरात असतं. आत्याबाईंच्या जिव्हारी लागलं. त्यांनी अर्धापूरला फोन लावला, तर मामांनी उलट ऐकवलं की माझ्याकडं पत्र्याखाली चार वर्षं कधी शिंकलं न्हाई, तुम्ही त्याला काय खायला घालता. बहीणभावांत त्या दिवशी जेवणाची चौकशी न होता फोन ठेवला गेला. मी स्वयंपाकघरात उभी होते. आत्याबाई आत आल्या आणि म्हणाल्या, "लोक काय म्हणतील, तुळजीनं भावाचं एक मशीन सांभाळलं न्हाई." त्यांचे डोळे भरले होते. मग मलाही वाटलं की हे फक्त माझ्या कानांचं प्रकरण राहिलेलं नाही.

बुधवारपर्यंत उपायांना सुरुवात झाली. शिवगंगाकाकूंनी मीठमोहऱ्या उतरवल्या. नंतर त्यांना आठवलं की त्यांच्या जावयाचा मोबाईल हौदात पडला तेव्हा तांदळाच्या डब्यात ठेवून बरा झाला होता. म्हणून टोनरचा डबा मऊ कपड्यात गुंडाळून सकाळपासून तांदळात पुरला. आणि आश्चर्य म्हणजे संध्याकाळी काढल्यावर पहिली आठ पानं स्वच्छ आली. घरात लग्न ठरल्यासारखा आनंद झाला. नववं पान करडं आलं, दहावं त्याहून करडं, आणि तेव्हा लक्षात आलं की डब्यावरचा कपडा सुटून पावडर तांदळात सांडली होती. दहा किलो कोलम. आत्याबाईंनी तांदूळ सात पाण्यांतून काढला. ती पावडर पाण्यात विरघळत नाही हे एम. एस्सी.ला माहीत असायला हवं होतं. शेवटी तो तांदूळ गच्चीवर चिमण्यांसाठी पसरला. चिमण्या आल्या, बघितलं आणि गेल्या.

मग ग्यानोबाराव आले. ग्यानोबाराव खाली राहतात, रेल्वेच्या विभागीय कार्यालयातून निवृत्त झालेत, आणि अर्जाशिवाय झालेलं काम त्यांच्या दृष्टीनं झालेलं नसतं. त्यांनी चष्मा लावून स्विचबोर्ड पाहिला आणि अर्थिंग कमजोर असल्याचं जाहीर केलं. वीज कार्यालयात द्यायचा अर्ज त्यांनी स्वतः सांगितला, विषय, संदर्भ, उपरोक्त विषयान्वये, सगळं शास्त्रोक्त. तो छापला अर्थातच आमच्याच मशीनवर. शिवूला कडेवर घेऊन मी कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी अर्ज उजेडात धरला, नाकाजवळ नेला आणि परत दिला. म्हणाले, वाचता येत नाही, स्वच्छ प्रत आणा. मी सांगितलं की स्वच्छ प्रत निघत नाही हीच तक्रार आहे. ते म्हणाले, असेल, पण तक्रार स्वच्छ हवी. हे बोलणं चालू असताना शिवूनं त्यांच्या टेबलावरचा शिक्का उचलून स्वतःच्या पोटावर मारून घेतला. आमच्या घरातली त्या आठवड्यातली ती एकमेव ठळक छपाई.

परत आल्यावर ग्यानोबारावांनी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या मिठाचं पाणी ओतायला लावलं. नुसतं ओतून थांबले असते तर बरं होतं. ते म्हणाले की मशीनही तापत असणार, कूलरचा वारा जोरात करा. आत्याबाईंनी कूलरच्या जाळ्यांचं गवत बदललं, टाकीत बर्फ टाकला आणि बटण तीनवर केलं. मशीनच्या कागदांची टोकं त्या वाऱ्यात मऊ पडून वाकत होती. मी ते बघत होते. मी फिजिक्सची एम. एस्सी. आहे.

शनिवारी शिवू शिंकली. एकदा नाही, सात वेळा, आणि नाक वाहायला लागलं. मी सुदर्शनला म्हटलं की कूलर बंद. आत्याबाई मशीनकडं बघून घुटमळल्या, पण नातीचं नाक भावाच्या मशीनपेक्षा मोठं निघालं. कूलर बंद झाला. दारं-खिडक्या उघडल्या, बाहेरचा तापलेला कोरडा वारा घरभर फिरला, आणि आम्ही सगळे भाजत बसलो.

दुपारी मी शिवूचे केस विंचरत होते. तिचे केस अजून जावळासारखेच आहेत, फिरवावेत तितके फिरतात. प्लॅस्टिकचा कंगवा दोन-तीनदा फिरवला आणि केस तडतड करून कंगव्यामागं उभे राहिले. शिवू हसायला लागली. मी पुन्हा कंगवा नेला, पुन्हा केस उठले, ती पुन्हा हसली. तिच्या मांडीवर करड्या पानाचा एक फाटका तुकडा होता, तो उडून कंगव्याला चिकटला.

मी तशीच बसून राहिले. गेले आठ दिवस मी याच लेकीचे केस याच कंगव्यानं याच खोलीत विंचरले होते आणि एकदाही केस उठले नव्हते.

तीन वर्षं मी पोरांना हाच प्रयोग शिकवला होता. घासलं की भार येतो, पण हवा कोरडी हवी, दमट हवेत भार टिकत नाही, म्हणून हा प्रयोग पावसाळ्यात करू नये. हे वाक्य मी फळ्यावर चौकटीत लिहीत असे. टोनर म्हणजे शाई नव्हे, टाल्कम पावडरपेक्षा बारीक काळी भुकटी. डब्याच्या आत ती रूळ आणि पट्टीमध्ये घासली जाते, घासून तिला भार येतो, आणि त्या भाराच्या ओढीनं ती अक्षराच्या जागी बसते, कोऱ्या जागी बसत नाही. भारच गळून गेला तर तिला कुठं बसावं हे कळत नाही, मग ती सगळीकडेच थोडी थोडी बसते. आम्ही तिला आठ दिवस बर्फाच्या पाण्याचा ओला वारा दिला होता. भर मे महिन्यात आम्ही मशीनपुरता पावसाळा आणला होता. पत्र्याखाली ती चार वर्षं ठणठणीत होती, चांदपाशाभाईंच्या दुकानात कूलर नाही म्हणून तिथं बरी होती, आणि तांदळानंसुद्धा आठ पानांपुरती ओल शोषली होती. सगळे खरं बोलत होते. फक्त मी ऐकलं नव्हतं.

शिवूला कडेवर ठेवूनच मी कागदाचं नवीन पाकीट फोडलं आणि बटण दाबलं. पहिलं पान जरा धुरकट, तिसरं बरं, पाचवं असं आलं की दोन भारांमधलं अंतर पंचवीस म्हणजे पंचवीस. मी चाळीसच्या चाळीस संच काढले. घाम नाकावरून कागदावर पडू नये म्हणून डोक्याला शिवूचा लंगोट बांधला होता.

रविवारी सकाळी शिवूला मी वरती शिवगंगाकाकूंकडे दिलं. बारा वाजता सर आले. लग्नातला फेटा डोक्यावर, अंगात जाड कोट, बाहेर त्रेचाळीस. त्यांनी उंबरा ओलांडला न ओलांडला, तोच आत्याबाईंनी कूलर सुरू केला आणि मशीनचं स्टूल जरा सरकवून त्यांना बरोबर कूलरपुढं बसवलं. मी सरबत ढवळत होते. कूलरची घरघर मला ऐकू आली, पण पाहुण्यासाठी कूलर लावू नका असं म्हणायची जीभ माझ्या घराण्यात कुणाला नव्हती.

सरांनी चाळीस संच एकेक करून खिडकीच्या उजेडात धरले. चेहरा हलला नाही. मग गठ्ठा बाजूला ठेवून म्हणाले, "तयार माल माणूस कुठूनही छापून आणतो. माझ्यासमोर एक काढा."

मी बटण दाबलं. मशीनला अर्धा तास ओला वारा मिळाला होता. पान आलं ते राखेचं. सरांनी ते पान दोन बोटांनी धरलं आणि फेटा सारखा केला. उठायच्या आधी माणूस करतो तसा.

मी जाऊन कूलर बंद केला. मग खिडकी उघडली. मग दार. झळ अशी आत आली की भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. सुदर्शन जमिनीकडं बघत होता. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर चार पिढ्यांचं पाहुणचाराचं नाव पुसलं जात होतं.

"सर," मी म्हटलं, "पंधरा मिनिटं द्या. घाम येईल."

सर बसले. आत्याबाई पुढं होऊन त्यांना हातातल्या संचानंच वारा घालायला लागल्या. पाच मिनिटांनी कोट उतरला, आठ मिनिटांनी फेटा. फेट्याखाली सर पुष्कळ लहान आणि साधे दिसत होते. मी शिवूचा कंगवा आणला, टेबलावर कागदाचे कपटे टाकले आणि कंगवा माझ्या केसांवर घासला. एकही कपटा उठला नाही. सर बघत होते. तीन-चार मिनिटांनी पुन्हा घासला, एक कपटा थरथरला. त्यानंतर सरांनी हात पुढं केला, कंगवा माझ्याकडून घेतला आणि स्वतःच्या उरलेल्या केसांवर घासायला लागले. ते जुने शिक्षक, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. चौदाव्या मिनिटाला चार कपटे एकदम उडून कंगव्याला चिकटले आणि सर शिवूसारखे हसले.

"काढा आता," ते म्हणाले.

वरचे ओलसर कागद काढून मी पाकिटातले घातले. दोन पानं धुरकट आली, तिसरं पान आलं. सरांनी ते उजेडात धरलं. खूप वेळ धरलं. कपाळाचा घाम पुसून पुन्हा धरलं. मग खिशातून फोन काढला.

"सिद्धराम, मडिवाळप्पा बोलतोय. ऑफिसातल्या मशीनपुढचा कूलर बंद कर. हाव, आत्ताच. न्हाई, पोरं न्हाई चरफडत, मशीन चरफडते. आपण दोन वर्षं त्याला कूलरपुढं बसवून राहिलो." फोन ठेवून त्यांनी ते पान पुन्हा उचललं. म्हणाले, "तीन माणसं काढली मी, बाई. चांगली होती." मग त्यांनी फोनमध्ये एकेकाचा नंबर शोधायला सुरुवात केली, आणि शोधता शोधताच, वर न बघता, मला जूनचं वेळापत्रक सांगितलं. दर सोमवारी संच, आकृत्या मोठ्या काढा, सूत्रं चौकटीत द्या.

मशीन आता धान्याच्या खोलीत आहे. तिथं हवा कोरडी आणि कडक आहे, आणि दुपारी मी तिथं शिजते. कूलरपुढची जागा शिवूची झाली, फक्त नाक वाहत नसेल तेव्हा. हिमायतनगरला मी येत नाही म्हणून कळवून टाकलं. चांदपाशाभाईंच्या दुकानात 'मशीन थंडगार जागी ठेवा' अशी पाटी होती, तिच्यावरचा 'थंडगार' हा शब्द खोडून त्यांनी 'कोरड्या' असं लिहिलं आहे.

त्या रविवारी सर गेल्यावर आत्याबाईंनी अर्धापूरला फोन लावला. मी आत शिवूला भरवत होते, ती एका हातानं वरणभात आणि एका हातानं माझा कान धरून होती. आत्याबाईंचा आवाज बाहेरून येत होता. आधी त्यांनी भावाला जेवलास का म्हणून विचारलं. मग म्हणाल्या, "तुझं मशीन धडधाकट हाय रे. सासर बी वाईट न्हवतं. लाड लई झाले होते त्याचे."